कोथरूडचा गोधडी-क्विल्ट ग्रुप : जॉइन करू का विचारणाऱ्यांसाठी सविस्तर रिव्ह्यू

गोधड्यांचे फोटो टाकले की दर वेळी तेच प्रश्न येतात, कुठे शिकलीस, फी किती, मशीन चालवता येत नसेल तर चालतं का, नोकरी सांभाळून जमतं का, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवते. ग्रुपचं नाव इथे टाकत नाहीये कारण खाली काही तक्रारी पण आहेत, त्या मी मीटिंगमध्ये बोललेल्याच आहेत पण नावासकट चारचौघांत मांडायच्या नाहीयेत. ज्यांना खरंच जायचंय त्यांनी मेसेज करा, पत्ता देते.

आधी मत सांगते. जा, नक्की जा. पण पुण्यात हल्ली गोधडीचे जे एकदिवसीय वर्कशॉप होतात ना, दोन-तीन तासांत कोस्टर नाहीतर पाऊच शिवून हातात देतात आणि फोटो काढून घरी पाठवतात, तसं काही डोक्यात असेल तर हा ग्रुप तुमच्यासाठी नाही. इथे एकाच कामावर महिनोन्‌महिने बसणारी माणसं आहेत. बायका जास्त, पण पुरुषही आहेत, एक रिटायर्ड ड्राफ्ट्समन काका आहेत त्यांचं लॉग केबिन (मधल्या चौकोनाभोवती पट्ट्या जोडत जायचं क्विल्टचं डिझाइन) बघाल तर फूटपट्टी लावून तपासावंसं वाटेल, सगळ्या पट्ट्या एकसारख्या. आणि मला सगळ्यात मोलाचं काय वाटतं तर हाताने गोधडी शिवून ज्यांचा संसार चालला त्या मावशी इथे शिकवायला बसतात, मशीन शिकवणाऱ्या ताईंना जेवढं मानधन तेवढंच त्यांना, आणि त्याच हॉलमध्ये पलीकडच्या टेबलवर भिंतीवर लावायचे आर्ट क्विल्ट चालू असतात. दोन्ही एका जागी मी तरी दुसरीकडे कुठे बघितलेलं नाही.

मीटिंग महिन्यातून एकदा, शनिवारी दुपारी, एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर. पहिला तास फक्त भिंतीचा. एका भिंतीवर पांढरं फ्लॅनेल ताणून लावलंय, त्यावर सुती कापडाचे तुकडे नुसते दाबले की टाचणीशिवाय राहतात, त्यामुळे शिवायच्या आधी हलवून-हलवून बघता येतं. ज्यांचं काम अर्धवट आहे ते आपापले तुकडे लावतात आणि बाकीचे हॉलच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघतात. नियम असा की जिचं काम आहे तिने गप्प बसायचं, आणि बघणाऱ्यांनी आधी काय दिसतंय तेवढंच सांगायचं, छान आहे, भारी आहे, हे सगळं नंतर. सुरुवातीला हे फार अवघड जातं कारण आपल्याकडे कुणी काही केलेलं दाखवलं की लगेच वा वा करायची पद्धत, गप्प राहून बघायची सवयच नसते.

एक उदाहरण देते म्हणजे कळेल. एकीने पावसाळ्यातला सिंहगड केला होता, निळे, राखाडी, शेवाळी, सगळे रंग सुंदर, जवळून बघितलं तर प्रत्येक तुकडा हातात घ्यावा असा. पण लांबून काहीच दिसेना, नुसता एक ओला पट्टा. मशीन शिकवणाऱ्या ताईंनी मोबाईलवर त्याचा फोटो काढला आणि ब्लॅक अँड व्हाइट करून तिच्या हातात दिला. सगळं एकाच छटेचं, एकसारखं राखाडी. मग तिने स्वतःच पिशवीतून एका जुन्या धोतराचा पिवळसर पांढरा तुकडा काढला आणि गडाच्या मागे सरकवला, आणि गड पुढे आला, अक्षरशः आमच्या डोळ्यांसमोर. रंग वेगळा आणि रंगाची गडद-फिकट छटा वेगळी, हे मला कितीतरी व्हिडिओ बघून समजलं नव्हतं ते त्या पाच मिनिटांत समजलं. आता साडीच्या दुकानात उभी असले तरी डोळे बारीक करून बघते, कुठला काठ पुढे येतोय, कुठला मागे जातोय.

आता मावशींच्या क्लासबद्दल, कारण सगळ्यात जास्त प्रश्न त्याबद्दलच येतात. टेबल-खुर्ची नाही, सगळं जमिनीवर, गुडघ्यांचा त्रास असेल तर आधी सांगा, त्यांनी दोघींसाठी पाटावर बसायची सोय केली होती. पहिल्या दिवशी सुई हातातच मिळत नाही. खालची साडी सतरंजीवर पसरायची, चारही बाजूंनी ताणून कोपऱ्यांवर वजनं ठेवायची, मग मधले थर, जुनी धोतरं, विरलेल्या सुती साड्या, जिथे फाटलंय तिथे दुसऱ्या कापडाचा तुकडा बसेल असं बघून लावायचं, म्हणजे जाडी कुठे कमी-जास्त होत नाही. मग वरचा थर आणि मधून कडेकडे तळवा फिरवत राहायचं. मावशी डोळे मिटून हात फिरवतात आणि आतल्या थरातली चुणी सापडते त्यांना, आणि एकदा सापडली की सगळं उचलून परत पसरायला लावतात, कुणाची गय नाही. त्यांचं म्हणणं, "आत्ता राहिली ती चुणी जन्मभर टोचल." मग हातभर अंतराने लांब लांब कच्चे टाके, आणि ते झाल्यावर कुठे खरी शिलाई.

दोरा दुहेरी घ्यायचा आणि आपल्या हाताच्या लांबीइतकाच, जास्त घेतला की गुंततो आणि थरांमधून ओढून ओढून कमजोर होतो. धावदोरा कडेपासून सुरू करून चौकोनात आत आत जायचं. उजव्या हाताने सुई खाली टोचायची आणि डावा हात गोधडीच्या खाली, टोक सगळ्या थरांतून आलं का ते खालच्या बोटाला कळलं पाहिजे, मग तीन-चार टाके सुईवर घेऊन एकदम दोरा ओढायचा. वरच्या हाताच्या मधल्या बोटाला अंगुस्तान घाला, नाहीतर दुसऱ्या दिवशी भांडी घासताना आठवण येते. दोन ओळींमध्ये बोटभर अंतर. गाठ थरांच्या आत खेचून लपवायची. आणि मावशी तपासतात ती मागून, "पाठ बघू" म्हणतात आणि गोधडी उलटी करतात, मागचे टाके पुढच्यासारखेच दिसले तर पुढे, नाहीतर उसव. एवढ्या जवळजवळ ओळी का, असं एकीने विचारलं तर त्यांनी एक जुनी गोधडी काढून दाखवली, वरची साडी जागोजागी विरून गेलेली पण टाक्यांच्या ओळींनी धरून ठेवल्यामुळे एकही थर सरकलेला नाही आणि कितीतरी वर्षं धुण्यात गेलेली. जुनं कापड एकटं टिकत नाही, एकमेकांत शिवलं की टिकतं, हे हातात घेऊन बघितल्यावरच पटतं. आणि गोधडीवर ज्या त्या बारीक लाटा उठतात ना, ज्या मशीनच्या शिलाईत येतच नाहीत, त्या दोऱ्याच्या त्या हलक्या ओढीमुळे येतात.

कापडाबद्दल त्या एकदम कडक आहेत. पॉलिस्टरची साडी आत घालू देत नाहीत, सुई सटकते, घाम शोषत नाही आणि पुण्याच्या मार्च-एप्रिलमध्ये अंगावर घेववत नाही. नवं सुती कापड आणलं तर आधी भिजवून धुवायचं, खळ जाते आणि आटायचं तेवढं आटून घेतं, नाहीतर शिवल्यावर पहिल्याच धुण्यात एकच थर आकसतो आणि सगळी गोधडी वाकडी होते. लाल आणि गडद निळ्याला ओला पांढरा कपडा घासून बघायचा, रंग लागला तर बाजूला. ही माहिती फुकट मिळते असं वाटेल पण नवीन कापडाची महागडी गोधडी पहिल्या धुण्यात गुलाबी झालेल्या बायका ग्रुपमध्ये रडत आलेल्या मी बघितल्यात.

मशीनच्या बाजूबद्दल जरा मिश्र मत आहे. शिकवणाऱ्या ताई उत्तम. कापडाच्या कडेपासून बरोबर पाव इंचावर शिलाई हा त्यांचा पहिला धडा, आणि तो त्या पक्का करून घेतात, कारण प्रत्येक जोडावर दोरा-दोन दोरे फरक पडला तरी बारा जोडांनंतर ब्लॉक, म्हणजे क्विल्टचा एक चौकोन, अर्धा इंच लहान येतो आणि शेजारच्या ब्लॉकला बसत नाही. फ्री मोशन तर फार छान शिकवतात, कापड पुढे ओढणारे मशीनचे दात खाली करायचे, डार्निंग फूट (कापड मोकळं फिरू देणारा सुईजवळचा दाब-पाय) लावायचा, आणि मग कापड आपण दोन्ही हातांनी फिरवायचं, पायाचा वेग आणि हाताचा वेग जुळला की टाके एकसारखे, हात घाईत गेले की लांब लांब टाके, पाय घाईत गेला की एकाच जागी दोऱ्याचा गोळा. आधी कागदावर पेन न उचलता वेली काढायला लावतात, मगच कापडावर. हे सगळं चांगलं. पण बॅच फार मोठी घेतात, प्लग पॉइंट कमी, एक्स्टेन्शन बोर्डवर एक्स्टेन्शन बोर्ड, आणि इस्त्री चालू केली की सगळ्यांनी मशीन थांबवायची. मी हे बोलले, पुढच्या बॅचला संख्या कमी करू म्हणाले, बघूया.

दुसरी तक्रार किटची. वर्कशॉपच्या फीमध्ये एक किट सक्तीचं आहे, त्यात इम्पोर्टेड क्विल्टिंग कॉटनचे छोटे छोटे तुकडे, बाहेरचं वाडिंग (मधल्या थरात घालायचा भराव), आणि त्याची किंमत बघून अर्ध्या जणी मागे फिरतात. अहो, आपण पुण्यात राहतो, लक्ष्मी रोड आणि रविवार पेठ हाकेच्या अंतरावर आहे, खणाचं कापड आहे, मलमल आहे, आणि घराघरात कपाटं भरून सुती साड्या पडल्यात. शिकण्यासाठी बाहेरच्या कापडाची काहीच गरज नाही. रोटरी कटर (गोल फिरत्या पात्याचा) आणि कटिंग मॅट मात्र चांगल्याच घ्या, तिथे पैसे वाचवू नका, स्वस्त मॅटवर ब्लेड लगेच बोथट होतं आणि मग जोर लावताना हात कापतो.

व्याख्यानं हा ग्रुपचा असा भाग आहे ज्याबद्दल बाहेर कुणाला माहीतच नाही आणि फक्त तेवढ्यासाठीसुद्धा मी वर्गणी भरेन. दर थोड्या दिवसांनी कुणीतरी एक विषय घेऊन तासभर स्लाइड दाखवतं. १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमने अमेरिकन क्विल्ट पलंगावरून उचलून पेंटिंगसारखे भिंतीवर लावले, मग १९७९ पासून ओहायोमधल्या अथेन्स गावी गाईगुरांच्या एका जुन्या गोठ्यात क्विल्ट नॅशनल नावाचं प्रदर्शन सुरू झालं, १९८९ ला स्टुडिओ आर्ट क्विल्ट असोसिएट्स ही संस्था झाली, हा सगळा प्रवास एका मुलीने इतका छान मांडला की आर्ट क्विल्ट म्हणजे नक्की काय हा प्रश्न परत कुणी विचारला नाही. हॅरिएट पॉवर्सबद्दल तिथेच पहिल्यांदा ऐकलं, अमेरिकेतल्या जॉर्जियात गुलामीत जन्मलेली बाई, तिने कापडाचे आकार कापून त्यावर शिवून बायबलच्या गोष्टी सांगितल्या, १८८६ च्या सुमाराचा तो क्विल्ट आज तिकडच्या स्मिथसोनियन म्युझियममध्ये आहे. तिचे आपल्याला माहीत असलेले फक्त दोनच क्विल्ट शिल्लक आहेत हे ऐकून हॉलमध्ये सगळ्या गप्प झाल्या होत्या.

पण मला सगळ्यात लक्षात राहिलं ते जीज बेंडचं सेशन. अलाबामातलं नदीच्या वळणावरचं छोटं गाव, कृष्णवर्णीय बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या शिवलेले क्विल्ट, २००२ मध्ये त्यांचं प्रदर्शन निघालं, व्हिटनीत पण लागलं आणि २००६ ला अमेरिकेच्या पोस्टाने त्यांचे स्टॅम्प काढले. शेतात घालायच्या कपड्यांचा एक क्विल्ट स्क्रीनवर होता, विटलेलं निळं डेनिम, आणि मध्येच एक गडद चौकोन. बोलणारी त्या मुद्द्यावर यायच्या आधीच मावशी मागून म्हणाल्या, "तिथं खिसा होता." आणि खरंच, खिसा उसवून काढला की त्याच्या खालचं कापड ऊन न लागल्यामुळे गडद राहतं. त्यांनी आयुष्यभर लोकांच्या कपड्यांचे खिसे उसवलेत, त्यांना सांगावं लागलं नाही. मग अर्धा तास व्याख्यान बाजूला राहिलं आणि सगळ्यांनी मावशींनाच प्रश्न विचारले, आणि ज्यांनी कार्यक्रम ठेवला होता त्यांनी तो थांबवला नाही, वेळ संपत आला म्हणून मध्ये पडल्या नाहीत. असा समजूतदारपणा सगळ्या ग्रुपमध्ये नसतो.

सिद्दी बायकांच्या कवंदीवरही, म्हणजे त्यांच्या गोधडीवरही, एक प्रात्यक्षिक झालं. उत्तर कन्नडमधल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागात आफ्रिकन वंशाचे सिद्दी लोक राहतात, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे पूर्वज पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेले, म्हणजे आपल्या अगदी शेजारची गोष्ट. त्यांची पद्धत वेगळी आहे, खाली एक साडी पसरून बाहेरच्या कडेपासून तुकडे दुमडत दुमडत लावत जायचं आणि लावता लावताच सगळ्या थरांतून धावदोरा घालायचा, गोल गोल फिरत मध्यावर संपवायचं. आधी वरचा भाग जोडून मग शिवणं असं नाहीच. आणि चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची फुलं शिवायची, त्यांना फुला म्हणतात, ती लावली नाहीत तर कवंदी उघडी आहे असं मानतात. मी घरी उशीच्या अभ्र्याच्या मापाची करून बघितली, कडेला चौकोन सरळ ठेवणं सोपं जातं पण आत आत जाताना कोन सुटतात, आणि ते सुटलेलेच छान दिसतात.

या व्याख्यानांबद्दल एकच म्हणणं आहे की अमेरिका आणि जपान फार होतं. साशिको, म्हणजे जपानी धावदोऱ्याचं भरतकाम, तीनदा झालं. आपल्या कोकणातल्या वाकळा, मराठवाड्यातल्या गोधड्या, देशावरच्या, विदर्भातल्या, यांच्यावर एकही सेशन नव्हतं. मी आणि अजून काही जणींनी लावून धरलं तेव्हा आता एक काम सुरू झालंय, प्रत्येकीने घरातली जुनी गोधडी आणायची, तिचं माप, थर किती, ओळींमधलं अंतर, कुणाच्या साड्या, कुणी शिवली, कुठल्या गावी, हे एका वहीत लिहायचं आणि दोन्ही बाजूंचे फोटो काढायचे. एका काकूंनी आजेसासूबाईंची आणली होती, तिच्या आत एका जागी उसवलेलं होतं आणि तिथून आतली दुसरी गोधडी दिसत होती, म्हणजे जुनी जीर्ण झाली तेव्हा फेकली नाही, तिलाच मधला थर करून वरून नवी शिवली. असं अजून किती घरांत असेल. प्लीज, तुमच्याकडे असतील तर टाकून देऊ नका आणि स्टीलच्या भांड्यांवर तर मुळीच देऊ नका.

ऑर्डरची सर्व्हिस. ग्रुप जुन्या साड्यांची गोधडी करून देतो, भोर-वेल्हे भागातल्या काही बायका शिवतात आणि ग्रुप मध्ये समन्वय करतो. मी आईच्या साड्या दिल्या होत्या. हा अनुभव मला फार नीट सांगायचाय कारण अशा साड्या कुणाच्या तरी हातात देणं किती अवघड असतं ते ज्यांनी दिल्यात त्यांनाच कळेल. त्यांनी घाई केली नाही. एकेक साडी उलगडून उजेडासमोर धरली, आडवी-उभी हलकेच ओढून बघितली, जी चरचरली ती बाजूला. पैठणी मी भरात दिली होती, ती त्यांनी परत पिशवीत ठेवली, म्हणाल्या ही नेसा, कापू नका. सिल्कच्या दोन साड्या जरीच्या घड्यांवर कुजल्या होत्या, त्या गोधडीत टिकणार नाहीत हे स्पष्ट सांगितलं. इरकलीचा लाल पदर मधोमध अख्खा ठेवायचा हे त्यांनीच सुचवलं, आणि जरीचे काठ पायाकडच्या बाजूला, गालाला टोचणार नाहीत असे. आई घरात नेसायची त्या विटक्या वायलच्या साड्या मी आणायच्याच नाही म्हणत होते, त्या त्यांनी मागून घेतल्या आणि आत घातल्या, कारण सगळ्यात मऊ त्याच. गोधडी हातात आली तेव्हा तिचं वजन आणि मऊपणा, यापुढे मला लिहिता येत नाही. रोज रात्री मीच घेते, कुणाला देत नाही.

गोधडीचा दर ठरतो चौरस फुटावर आणि ओळी किती जवळ त्यावर. माझ्या सिंगलच्या गोधडीला साडेसहा हजार पडले, त्यातले पाच हजार मी थेट शिवणाऱ्या ताईंच्या खात्यावर पाठवले, उरलेले ग्रुपला. महाग वाटत असेल तर एकदा दोन ओळी शिवून बघा आणि किती वेळ लागला ते बघा, मग बोला. मागच्या कोपऱ्यात एक छोटी सुती पट्टी शिवलेली असते, तिच्यावर शिवणाऱ्या बाईचं नाव, गाव आणि साल, दोऱ्याने भरलेलं. तक्रार वेळेची. दिवाळी म्हणाले होते आणि मिळाली संक्रांतीनंतर. भातकापणी आणि लग्नसराईत शेताकडच्या बायकांना वेळ नसतो हे मला समजतं आणि पटतंही, पण मग तारीख देतानाच तसं सांगा ना. मध्ये दोन मेसेजला उत्तरच नाही, आईच्या साड्या कुठे आहेत हे न कळणं फार त्रासाचं होतं. कुणाला वाढदिवसाला द्यायची असेल तर चार-पाच महिने आधी ऑर्डर टाका.

दुपट्यांचा उपक्रम पण आहे. सरकारी दवाखान्यातल्या नवजात बाळांसाठी मलमलची दोन-तीन थरी दुपटी. लेस नाही, बटण नाही, गाठ बाहेर नाही, रंग न जाणारं कापड, आणि शिवून झाल्यावर उकळत्या पाण्यातून काढून वाळवून द्यायची. नवशिक्या असाल तर इथूनच सुरुवात करा, लहान असल्यामुळे लवकर पुरी होतात आणि हात बसतो. ह्याला फी नाही, कापडही ग्रुप देतो.

प्रदर्शन वर्षातून एकदा, यंदा बालगंधर्वच्या कलादालनात होतं. मांडणी चांगली होती, प्रत्येक आर्ट क्विल्टला मागे चार इंची कापडी नळी शिवून आत दांडी घातलेली, त्यामुळे एकही लोंबत नव्हता की वाकडा नव्हता. लोकांना हात लावू नका सांगायचं तर कापड बघून हात आपोआप पुढे जातो, त्यावर उपाय म्हणून दारातच एक गोधडी टेबलवर ठेवली होती, ही हाताळा म्हणून, ते फार आवडलं. पण नावांच्या पाट्यांवरून मला राग आला होता आणि अजूनही आहे. काही मोठ्या कामांमध्ये डिझाइन सभासदाचं आणि हातशिलाई त्या गावाकडच्या बायकांची, आणि पाटीवर नाव एकटं डिझाइन करणाऱ्या बाईचं. गोधडीच्या मागे नाव भरायचं आणि प्रदर्शनात गाळायचं, हे कसं चालेल? ज्या गोष्टीसाठी मी हा ग्रुप चांगला म्हणते तीच गोष्ट पाटीवर विसरतात. मीटिंगमध्ये यावर बराच वेळ बोलणं झालं, काही जणींचं म्हणणं पडलं की आर्किटेक्टच्या इमारतीवर गवंड्याचं नाव नसतं. मला ते अजिबात पटत नाही. त्या ओळी किती अंतरावर घालायच्या, कुठे वळवायच्या हे शिवणारीच ठरवते, आणि अर्धा परिणाम त्या ओळींचा असतो. शेवटी ठराव झाला की पुढच्या प्रदर्शनात दोन्ही नावं एकाच आकाराच्या अक्षरांत. लिहून घेतलंय, सह्याही आहेत.

बाकी किरकोळ. लिफ्ट नाही, जिना उभा आहे, मशीन घेऊन चढायचं म्हणजे कुणीतरी सोबत हवं. पार्किंगचं नाव काढू नका, रिक्षाने किंवा बसने या. व्हॉट्सअॅप ग्रुपवर गुड मॉर्निंग फार, म्युट करून ठेवा पण पिन केलेले मेसेज बघत जा कारण वर्कशॉपच्या जागा तिथेच भरतात. वर्गणी वर्षाला हजार, मावशींच्या क्लासची फी वेगळी. नोकरी करणाऱ्यांना शनिवार दुपार जमते, पण मशीनचे वर्कशॉप आठवड्यातल्या दिवशी सकाळी ठेवतात, ते बदला असं दर वेळी सांगून झालंय.

माझ्याकडून पाचपैकी चार. मावशींना आणि भिंतीला पाचच्या पाच, मशीन वर्कशॉपला तीन, ऑर्डरच्या कामाला पाच पण फोनला उत्तर देण्याला दोन. नवीन बॅच गणपतीनंतर सुरू होते. पहिल्या दिवशी दोन जुन्या सुती साड्या धुऊन, काठ न कापता न्या, चष्मा न्या, आणि मावशी दुपारी चहा घेत नाहीत, त्यांच्यासाठी ताक न्यायचं असतं, ते आळीपाळीने आणतो आम्ही.